नर्स होणं म्हणजे बदनामी, असं मानणाऱ्या काळात रमाबाई रानडेंनी घरंदाज बायकांना ससूनमध्ये शिकायला पाठवलं

२०१२ साली झी मराठीवर 'उंच माझा झोका' नावाची मालिका सुरू झाली. अकरा वर्षांची रमा, वयाने कितीतरी मोठा नवरा, हातात पाटी आणि घरातल्या बायकांचे टोमणे हे सगळं त्यातून महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचलं. तेव्हापासून रमाबाई रानडे म्हटलं की बहुतेकांना ती शिकण्यासाठी धडपडणारी छोटी रमाच आठवते.

पण रमाबाईंच्या आयुष्यातलं एक मोठं काम नवरा गेल्यानंतर सुरू झालं. ते काम म्हणजे नर्सिंग.

आता तुम्ही म्हणाल, नर्सिंगमध्ये एवढं काय? आज प्रत्येक तालुक्याच्या गावात नर्सिंग कॉलेजचे बोर्ड दिसतात. गावच्या उपकेंद्रात बीपी बघणारी, शुगर तपासणारी, गोळ्या संपल्या की आठवण करून देणारी सिस्टर आपल्याला ओळखीची असते. आपण तिला घरात घेतो, पाणी विचारतो, दंड पुढे करतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यातलं काहीही सहज होत नव्हतं. परक्या माणसाच्या आजारपणात हात घालणारी बाई म्हणजे घराण्याला बट्टा, अशी समजूत होती. ही समजूत मोडायला ज्यांनी सुरुवात केली, त्यात रमाबाईंचं नाव फार वर आहे.

यमुना कुर्लेकरची रमाबाई रानडे झाली

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा. गाव देवराष्ट्रे, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. माहेरचं नाव यमुना, आडनाव कुर्लेकर. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मुलींना शिकवायचा प्रश्नच नव्हता.

१८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते आणि त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. ते विधवाविवाहाचे जाहीर समर्थक होते. त्यामुळे दुसरं लग्न ते एखाद्या विधवेशीच करतील, अशी त्यांच्या वडिलांना धास्ती होती. म्हणून वडिलांनी घाईने हे लग्न ठरवलं आणि रानड्यांनी वडिलांपुढे मान तुकवली. यावरून सुधारकांनी त्यांच्यावर भरपूर टीका केली.

रानड्यांनी मग बायकोला शिकवायला घेतलं. आधी मराठी, नंतर इंग्रजी. दिवसा घरातल्या वडीलधाऱ्या बायका बोलायच्या आणि रात्री अभ्यास चालायचा. टोमणे, अबोला, घरातल्या घरात वाळीत टाकल्यासारखी वागणूक, असं बरीच वर्षं चाललं.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाचं काम सुरू झालं. रमाबाई रानडे तिथे जाऊ लागल्या, तशी घरातली कुरबूर आणखी वाढली. पण त्या मागे हटल्या नाहीत. पुण्यात मुलींचं हायस्कूल, म्हणजे आपली हुजूरपागा, उभं करण्याच्या खटपटीत त्या नवऱ्याच्या बरोबरीने होत्या.

१८९३ मध्ये रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथेही रमाबाईंनी बायकांना एकत्र जमवणं, लिहायला-वाचायला, शिवणटिपण आणि प्रथमोपचार शिकवणं सुरू ठेवलं.

रानड्यांना हृदयविकार होता

रानडे हे अर्थशास्त्रज्ञ, न्यायाधीश, समाजसुधारक म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचा मृत्यू हृदयविकाराने झाला, हे मात्र फार जणांना माहीत नसतं.

शेवटच्या काळात त्यांच्या छातीत कळा यायच्या. डॉक्टरी भाषेत याला अंजायना म्हणतात. हृदयाच्या स्नायूला पुरेसं रक्त मिळालं नाही की असं दुखतं.

१९०१ साली डॉक्टरांच्या हातात तरी काय होतं? कळ थांबवायला नायट्रोग्लिसरीनसारखं औषध होतं. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र इटलीतल्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्येच बनवलं होतं, पण स्टेथोस्कोप लावून वरचं आणि खालचं बीपी मोजायची पद्धत १९०५ मध्ये आली. ईसीजीचं यंत्र अजून घडत होतं. बीपी कमी करणारी, कोलेस्टेरॉल कमी करणारी आजची कुठलीच गोळी नव्हती.

म्हणजे उपचार कमी आणि सेवा जास्त, अशी स्थिती होती. रात्री उठून बसवणं, शेकणं, चोळणं, वेळेवर औषध देणं, पथ्य सांभाळणं, घाबरलेल्या माणसाजवळ बसणं, हे सगळं घरच्यांनी करायचं. रानड्यांच्या घरी ते रमाबाईंनी केलं.

१६ जानेवारी १९०१ च्या रात्री रानडे गेले. रमाबाईंनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. पुढे १९१० मध्ये त्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक आलं. मराठीतल्या सुरुवातीच्या महत्त्वाच्या स्त्री-आत्मचरित्रांमध्ये ते गणलं जातं. नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्याबद्दल त्यात बारकाईने लिहिलेलं आहे.

यावरून लिव्हरपूलची एक गोष्ट आठवते. तिथे विल्यम राथबोन नावाचे व्यापारी होते. १८५९ मध्ये त्यांची बायको आजारी होती आणि तिच्या सेवेला मेरी रॉबिन्सन नावाची नर्स होती. बायको वारली, पण त्या सेवेने शेवटचे दिवस किती सुसह्य झाले हे राथबोन यांनी पाहिलं होतं. मग त्यांनी त्याच नर्सला शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊन सेवा करायला नेमलं. दवाखान्यात न बसता वस्तीत फिरणाऱ्या नर्सची, म्हणजे डिस्ट्रिक्ट नर्सिंगची सुरुवात इथून झाली असं मानतात. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी राथबोन यांना या कामात मदत केली.

रमाबाईंनी राथबोन यांचं बघून काही केलं, असं अजिबात नाही. पण घरात आजारपण जवळून पाहिलेल्या माणसाला सेवेची किंमत वेगळी कळते, हे दोन्हीकडे दिसतं.

दुःखातून बाहेर आल्या त्या थेट कामात

रानडे गेल्यावर रमाबाई मुंबईहून पुण्याला आल्या. सुरुवातीचा काही काळ त्यांनी लोकांपासून लांब, शांतपणे घालवला. नंतर त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. दवाखान्यातल्या पेशंटना भेटायचं, फळं-फुलं न्यायची, चार शब्द बोलायचे, हा त्यांचा नेम झाला.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन सुरू केलं. अध्यक्षपदासाठी त्यांनी रमाबाईंना गाठलं. त्यानंतर वर्षभरात, २ ऑक्टोबर १९०९ ला, पुण्यात सेवासदनचं काम सुरू झालं. ते रमाबाईंच्या राहत्या वाड्यातच भरायचं. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या सोबतीला होते. पुढे पुण्याचं सेवासदन स्वतंत्र संस्था म्हणून वाढत गेलं.

सेवासदनची कल्पना साधी होती. बाईला, आणि त्यातही विधवेला, दुसऱ्याच्या दारात दोन घास मागायची वेळ येऊ नये. तिला शिकवायचं, हाताला काम द्यायचं आणि त्या कामाचा समाजालाही उपयोग व्हावा. शिक्षिका, शिवणकाम, हस्तकला हे वर्ग लोकांनी चालवून घेतले. खरी अडचण आली ती नर्सिंगला.

नर्स म्हटलं की नाक का मुरडायचे?

यामागे बरीच कारणं होती.

पहिलं म्हणजे जात आणि शिवाशिव. पेशंटची जात बघून नर्सिंग होत नाही. जखमा धुवायच्या, रक्त, लघवी, शौच काढायचं. उच्चवर्णीय घरात हे काम विटाळाचं मानलं जायचं. बाळंतपण करणाऱ्या सुईणीकडे सगळ्यांचं काम पडायचं, पण तिचा दर्जा मात्र खालचाच ठेवलेला.

दुसरं कारण, परका पुरुष. वॉर्डात पुरुष पेशंट, पुरुष डॉक्टर, त्यात रात्रपाळी. तरुण विधवेने घराबाहेर रात्र काढायची म्हणजे लोकांच्या जिभेला हाडच राहायचं नाही.

तिसरं कारण, धर्म. तेव्हा भारतातल्या शिकलेल्या नर्स बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती असायच्या, कारण हे शिक्षण मिशनच्या दवाखान्यांनी पुढे नेलं होतं. त्यामुळे नर्स झाली म्हणजे बाटली, अशी अफवा सहज पसरायची.

गंमत म्हणजे हीच घरं आजारी पडली की बायकांना पुरुष डॉक्टरला दाखवत नसत. बाई डॉक्टर नाही, बाई नर्स नाही आणि पुरुषाने हात लावायचा नाही. मग बायका अंगावर दुखणं काढत मरायच्या.

रमाबाईंनी नेमक्या या गाठीला हात घातला. सेवासदन सुरू झाल्यावर काही वर्षांतच पुण्याच्या ससून हॉस्पिटलमध्ये सेवासदनच्या बायका नर्सिंग शिकायला जाऊ लागल्या. त्यांच्या राहण्याची सोय संस्थेने केली.

ही राहण्याची सोय फार महत्त्वाची होती. मुलगी एकटी कुठेतरी दवाखान्यात राहत नाही, ती रमाबाई रानडेंच्या देखरेखीखाली राहते, हे घरच्यांना सांगता यायला लागलं. न्यायमूर्ती रानडेंच्या पत्नीचं नाव मागे आहे म्हटल्यावर बोलणाऱ्यांची तोंडं थोडी बंद व्हायची. रमाबाईंनी आपली सगळी प्रतिष्ठा या बायकांच्या पाठीशी उभी केली.

गॅलरीतून टिंगल झाली, तेव्हा

पण सगळ्यांचीच तोंडं बंद झाली नाहीत. सेवासदनच्या एका वार्षिक समारंभातला प्रसंग रमाबाईंच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो.

बक्षीस समारंभ होता, लोकांना आमंत्रण होतं. बक्षीस मिळवणाऱ्यांत एक विधवा होती. अंगावर लाल आलवण, केशवपन केलेलं डोकं पदराने झाकलेलं. ती स्टेजवर आली आणि गॅलरीत बसलेल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो करायला सुरुवात केली.

रमाबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. समारोपाला उभ्या राहिल्या आणि मग मात्र त्यांनी त्या पोरांना सगळ्यांसमोर सुनावलं. कॉलेजात जाता, पण शिकलेले म्हणवून घ्यायची तुमची लायकी आहे का, असाच त्यांचा सूर होता. या बाईची अशी अवस्था समाजाच्या रूढींनी केली आणि त्याच समाजातली पोरं तिला हसतात, याची त्यांना चीड आली होती.

हा प्रसंग इथे सांगायचं कारण असं, की सेवासदनमध्ये येणाऱ्या बाईला रोज काय झेलावं लागत असेल याचा यातून अंदाज येतो. शिक्षण कठीण होतंच, पण लोकांच्या नजरा त्याहून कठीण होत्या.

दवाखान्याच्या भिंतीबाहेर

रमाबाईंच्या कामातली आणखी एक गोष्ट आजच्या भाषेत कम्युनिटी नर्सिंगच्या जवळ जाते.

आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला त्या सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन आळंदीला जायच्या. आजारी पडलेल्या वारकऱ्यांची, त्यातही बायकांची तिथे सेवा व्हायची. यात्रेतल्या बाईला दुखलं-खुपलं तर सांगायला बाई मिळायची. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हाही त्या स्वयंसेविकांना घेऊन मदतीला गेल्या.

म्हणजे पेशंट दवाखान्यात येईल याची वाट न बघता सेवा माणसांकडे नेणं.

शेवटच्या वर्षांत रमाबाईंनी पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताधिकारासाठी आवाज उठवला. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं.

त्या गेल्या तेव्हा मधुमेहावरचं इन्सुलिन जगात येऊन दोनच वर्षं झाली होती. कॅनडात १९२२ च्या जानेवारीत पहिल्या पेशंटला ते दिलं गेलं. बीपी आणि शुगर हे गावागावातले आजार होतील, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

पुण्याचं वारं नागपुरात

नर्सिंगबद्दलचा हा बदल फक्त पुण्यात झाला नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होतं. तिथे कमलाताई होस्पेट नावाच्या तरुण बालविधवेने डफरीन हॉस्पिटलमध्ये नर्सिंगचं शिक्षण घेतलं. १९२१ मध्ये त्यांनी वेणूताई नेने यांच्यासोबत सीताबर्डीवर छोटंसं प्रसूतिगृह काढलं. तेच आजचं मातृसेवा संघ. पुढे विदर्भात त्याच्या शाखा पसरल्या. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली.

१९२७ मध्ये सेवासदन याच नावाने नागपुरातही संस्था उभी राहिली. रमाताई तांबे यांनी ती सुरू केली.

तरीही देशपातळीवर चित्र बिकटच होतं. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात अख्ख्या भारतात साधारण ७,००० नर्स असल्याची नोंद आहे. म्हणजे ४३,००० लोकांमागे एक.

आता भिवापूरला येऊ

नागपूर जिल्ह्याच्या एका टोकाला भिवापूर आहे. उमरेडच्या पुढे, एका बाजूला भंडाऱ्याचं पवनी आणि दुसऱ्या बाजूला चंद्रपूर जिल्हा. भिवापुरी मिरची इथलीच, तिला जीआय टॅगही आहे. नागपूर इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर.

आता विचार करा. भिवापूर तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात पन्नाशीची शेतकरी बाई आहे. तिला शुगर आणि बीपी दोन्ही आहे. मोठ्या डॉक्टरला दाखवायचं तर नागपूर. म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, बसभाडं गेलं, सोबत कुणीतरी आलं तर त्याचीही मजुरी गेली. वर्षातून एक-दोनदा हे जमेल. दर महिन्याला कसं जमणार?

आणि हे दोन्ही आजार दर महिन्याचे आहेत. टायफॉइड झाला, औषध घेतलं, बरा झाला, असं यात होत नाही. गोळी बहुतेक जन्मभर घ्यावी लागते. त्यातून बीपी वाढलेलं बहुतेकांना कळतही नाही, कारण काही दुखत नाही. काही दुखत नाही म्हणून मिरचीच्या तोड्याच्या घाईत गोळी राहते. मग एक दिवस थेट लकवा नाहीतर हार्ट अटॅक.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या अभ्यासातून आकडे आले. भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि ३१.५ कोटींना हाय बीपी आहे. एवढ्या लोकांना दर महिन्याला डॉक्टरने बघायचं ठरवलं तर ते होणारच नाही.

म्हणून यातलं बरंचसं काम गावातल्या टीमवर आहे. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशाताई. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, तिथे एएनएम म्हणजे आपली नर्सताई. २०१८ नंतर बऱ्याच उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारीही आले. ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, जिथे डॉक्टर असतात.

ही टीम नेमकं काय करते?

सुरुवात होते एका फॉर्मपासून. ३० वर्षांपुढच्या प्रत्येकाचा हा फॉर्म आशाताई भरते. वय किती, तंबाखू-खर्रा खाता का, दारू पिता का, कमरेचा घेर किती, शरीराची हालचाल किती, घरात कुणाला बीपी, शुगर किंवा हार्टचा त्रास आहे का. प्रत्येक उत्तराला गुण. बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची.

मग उपकेंद्रात नर्सताई बीपी बघते, बोटाला टोचून शुगर बघते. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर आलं तर पुन्हा मोजायचं. शंका आली की डॉक्टरकडे पाठवायचं. आजार आहे की नाही आणि कुठली गोळी द्यायची हे डॉक्टर ठरवतात.

त्यानंतरचं काम मात्र परत गावातच येतं. गोळ्या दर महिन्याला उपकेंद्रातून मिळतात. नर्सताई बीपी मोजून नोंद करते. आकडा खाली येत नसेल तर परत डॉक्टरकडे पाठवते. शुगरवाल्यांचे पाय बघते, कारण मधुमेहात पायाची संवेदना कमी होते आणि शेतात अनवाणी चालताना झालेली जखम कळत नाही. जखम चिघळली तर पाय कापायची वेळ येऊ शकते.

मीठ दिवसाला एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण लोणचं, पापड, ठेचा हे सगळं धरून ते कसं कमी करायचं, हे त्या घरातला स्वयंपाक माहीत असलेली बाईच नीट सांगू शकते. खर्रा सोड, हे शहरातल्या डॉक्टरने सांगितलं तर माणूस मान हलवतो आणि बाहेर येऊन पुडी सोडतो. गावातल्या ताईने महिन्यामागून महिने विचारलं तर निदान लपवायची लाज वाटते.

याचा उपयोग होतो का?

होतो. भारतात २०१७ च्या शेवटी हाय बीपी नियंत्रणासाठी एक सरकारी उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत भंडारा आणि वर्धा होते, म्हणजे भिवापूरचे शेजारीच. त्यात पाच गोष्टी ठरल्या. सगळीकडे एकाच पद्धतीने उपचार, गोळ्यांचा साठा कधी संपू द्यायचा नाही, डॉक्टरचं काम नर्स आणि इतरांमध्ये वाटायचं, गोळ्या पेशंटच्या घराजवळ द्यायच्या आणि कोण आलं, कोण आलं नाही याची नोंद ठेवायची. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांकडून पुरस्कारही मिळाला.

शेजारी देशांतूनही पुरावा आहे. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका इथल्या ३० ग्रामीण भागांत २,६४५ लोकांवर एक अभ्यास झाला. सरकारी आरोग्य कर्मचारी घरी जाऊन बीपी मोजायचे, समजावून सांगायचे आणि गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचे. दोन वर्षांनी या लोकांचं वरचं बीपी, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ५ अंकांनी जास्त उतरलं. २०२० मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. ५ हा आकडा लहान वाटेल, पण अख्ख्या लोकसंख्येत वरचं बीपी एवढं उतरलं तर लकवा आणि हार्ट अटॅकने होणारे बरेच मृत्यू टळतात.

रमाबाईंशी याचा संबंध काय?

सेवासदनने मधुमेहाचे दवाखाने काढले नव्हते आणि आजची उपकेंद्रं सेवासदनमधून निघालेली नाहीत. ती सरकारी योजनांमधून उभी राहिली.

पण या सगळ्या व्यवस्थेचा पाया एकाच गोष्टीवर आहे. कुणीतरी शिकलेली बाई परक्याच्या दारात जाते, त्याच्या अंगाला हात लावते, त्याला चार गोष्टी सुनावते आणि तो माणूस तिचं ऐकतो. ऐकायचं तर आधी तिला मान द्यावा लागतो. हा मान कुठल्याही जीआरने येत नाही. रमाबाईंनी तो एकेका बाईसाठी, एकेका घराशी भांडून मिळवला.

आणि तो अजून पूर्ण मिळालाय असं म्हणता येत नाही. सिस्टरने बीपी जास्त आहे सांगितलं तरी डॉक्टरने सांगू दे मग बघू, असं म्हणणारे आजही घरोघरी आहेत. फॉर्म भरायला आलेल्या आशाताईला उन्हात दारातूनच परत पाठवणारेही आहेत. त्यात नुकसान तिचं कमी आणि आपलं जास्त होतं. रानडे गेले तेव्हा बीपी मोजायची सोय कुठल्या घराजवळ नव्हती, कुठल्या गावात गोळी नव्हती. आज दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि फुकट आहे.

त्यामुळे तुमच्या घरात ३० च्या पुढचं कुणी असेल आणि त्याने गेल्या वर्षभरात बीपी-शुगर बघितली नसेल, तर जवळच्या उपकेंद्रात घेऊन जा. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. आणि तिथल्या ताईने पुढच्या महिन्याची तारीख दिली, तर त्या तारखेला जा.